लेकराचा ताप आणि औषधाची बाटली

लावणी ऐन भरात असते आणि नेमके तेव्हाच घरातले लहानगे तापते. नाक वाहते, खोकला सुटतो. रोज बुडवून आपण सिल्वासाला डॉक्टरांकडे जातो आणि येताना पिशवीत प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, बाटली असते. ती नसली तर "डॉक्टरांनी काही दिलेच नाही" म्हणून आपणच कुरकुरतो. डॉक्टरांनाही हे ठाऊक असते. दारात रांग असते. समजावून सांगायला वेळ लागतो, चिठ्ठी लिहायला लागत नाही.

वास्तविक सर्दी-पडसे आणि लहान मुलांचे बहुतेक पातळ जुलाब विषाणूंमुळे होतात. प्रतिजैविक मारते ते जिवाणूंना. विषाणूंवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. उलट त्यानेच कित्येक मुलांचे पोट बिघडते. जुलाबाला ओआरएसचे पाणी आणि 14 दिवस झिंक द्यावे. शौचातून रक्त पडले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

चिठ्ठी लिहिणाऱ्याला बाटलीची किंमत पुष्कळदा माहीत नसते; पैसे दुकानात आपण मोजतो. अमॉक्सिसिलिन हे जुने, साधे औषध, पण कंपनीगणिक नाव वेगळे आणि भावही वेगळा. तेव्हा संकोच न करता विचारावे, "डॉक्टरसाहेब, हे लागेलच का? यातले स्वस्त चालेल का?" जनऔषधी केंद्रात ते मूळ नावाने मिळते. श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलातही आधी चौकशी करावी.

दुसरा खर्च पावतीवर दिसत नाही. भातावर तेच ते विष फवारत राहिले की तुडतुडे मरेनासे होतात, हे आपण जाणतो. जंतूंचेही तसेच. 1954 साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभारला गेला तो औषध सर्वांना मिळावे म्हणून. आज ते इतके सहज मिळते की गरज नसताना दिले जाते, आणि गरजेच्या वेळी गुण येत नाही.

ती गरज ओळखावी. मूल शांत असताना पूर्ण 1 मिनिट श्वास मोजावेत. 2 महिन्यांच्या आतील बाळाचे 60, वर्षाच्या आतील मुलाचे 50, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, झटके येत असतील किंवा 2 महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल, तर रात्रीसुद्धा थांबू नये. अशा मुलाला प्रतिजैविक जीव वाचवते. तेथे पैशाचा विचार करू नये.

भुकटीची बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने खुणेपर्यंत भरावी, दर वेळी हलवावी, सांगितलेले दिवस पुरे करावेत. उरलेले धाकट्यासाठी ठेवू नये. कालवलेले औषध थोड्याच दिवसांत निकामी होते.