रेझिनचा ड्राइव्हवे : दर विचारण्याआधी खाली काय आहे ते पाहा

स्लाऊ, रेडिंग, हॅरो या भागांत घर घेतलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत मॉर्गेजचा दर बोलून झाला की हल्ली गाडी घरापुढच्या ड्राइव्हवेवर येते. एकाने मध-करड्या खड्यांचं रेझिन करून घेतलं, की शेजारची दोन घरंही कोटेशन मागवतात. दिसतं देखणं, वादच नाही. पण 50 चौरस मीटरच्या त्याच जागेला एक जण 2,500 पौंड सांगतो, दुसरा 5,000, आणि दोघंही खरं बोलत असू शकतात. कारण वरचा थर दोघांचा सारखाच असतो. पैसे मुरतात ते त्याच्याखाली.

आधी वरचं उरकून घेऊ. रेझिन बाउंड म्हणजे सुकवलेले बारीक खडे आणि रेझिन मिक्सरमध्ये कालवून थापीने पसरलेला थर. गुळाच्या पाकात दाणे घोळून चिक्की थापावी तसा. फक्त इथे खड्यांमधल्या फटी मुद्दाम राखतात आणि पावसाचं पाणी त्यांतून खाली जातं. रेझिन बाँडेड हा वेगळा प्रकार. त्यात जमिनीवर रेझिन पसरून वरून खडे टाकतात. तो स्वस्त पडतो, पण त्यातून पाणी जिरत नाही आणि खडे सुटत राहतात. कोटेशनवर यांपैकी काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा.

जाडीही मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. मोटारीसाठी 15 ते 18 मिलिमीटर लागते. मिक्सरच्या एका खेपेला साधारण 100 किलो खडे, थोडी वाळू आणि साडेसात किलो रेझिन जातं. 18 मिलिमीटरच्या थराला एवढा माल जेमतेम पावणेचार चौरस मीटर पुरतो. तोच थर 12 वर आणला की कंत्राटदाराचा एक तृतीयांश माल वाचतो आणि तुम्हाला त्या दिवशी डोळ्यांनी कळतही नाही. रेझिन उन्हाला टिकणारं, म्हणजे ‘यूव्ही स्टेबल’ आहे का, हेही विचारा. साधं रेझिन उन्हाने पिवळं-तपकिरी पडतं. गडद खड्यांत ते खपून जातं, फिकट खड्यांत पहिल्या उन्हाळ्यातच उघडं पडतं.

आता खालचं. जुना टारमॅक किंवा काँक्रीट पक्कं असेल, भेगा नसतील, तर त्यावरच रेझिन टाकता येतं. याचा दर ढोबळमानाने चौरस मीटरला 40 ते 60 पौंड. लंडनमध्ये जास्तच धरा. जुनं उखडून नवा पाया घालायचा तर हाच आकडा 80 ते 100 किंवा त्याहून वर जातो. त्यात खोदाई, राडारोडा वाहून नेणं, बारीक चुरा नसलेल्या खडीचा थर आणि त्यावर पाणी जिरणारा, मोकळ्या पोताचा टारमॅक एवढं सगळं येतं. चुरा असलेली नेहमीची खडी घातली की पाणी तिथेच तुंबतं. जुन्या भेगाळ काँक्रीटवर थापलं, तर खालची भेग आज ना उद्या वर उमटते. ब्लॉक पेव्हिंगवर तर टाकूच नये. ब्लॉक हलतात आणि वरचा थर तडकतो. ‘सर, काही काढायची गरज नाही, एका दिवसात करून देतो’ म्हणणाऱ्याला जागेवर उभं करून खाली नेमकं काय आहे ते विचारा.

पाणी जिरण्याला कायद्याचंही अंग आहे. 2007 च्या पुरांनंतर, 1 ऑक्टोबर 2008 पासून इंग्लंडमध्ये घराच्या पुढच्या बागेत 5 चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न जिरणारा पृष्ठभाग करायचा, तर प्लॅनिंग परवानगी लागते. पाणी हिरवळीत किंवा वाफ्यात वळवलं असेल तर सूट आहे. ‘आमचं रेझिन पाणी जिरवतं’ हे विक्रेत्याचं वाक्य खरंच असतं, पण खाली सलग काँक्रीट असेल तर ते पाणी जाणार कुठे? फुटपाथची कड उतरती करून घ्यायची असेल, तर कौन्सिलची परवानगी आणि खर्च वेगळा. ड्राइव्हवेच्या कोटेशनमध्ये तो बहुधा नसतो. 20 टक्के व्हॅटही धरलाय का ते पाहा. 4,500 चे 5,400 होतात ते इथेच.

काम कोरड्या दिवसांत घ्या. ओल लागली की रेझिनला फेस येतो, पांढरट डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. अर्धं आज, अर्धं उद्या केलं तर मधला जोड कायम दिसतो, म्हणून सगळी जागा एका दमात होईल एवढी माणसं आहेत का तेही विचारून ठेवा. गाडी साधारण 24 तासांनी आत घ्या, थंडीत आणखी थांबा. देखभाल फारशी नाही : झाडणं आणि शेवाळ दिसलं की पाण्याच्या प्रेशरने धुणं. दिवाळीची रांगोळी मात्र थेट त्यावर काढू नका. पूड फटींत जाऊन बसते. प्लायवूडच्या फळीवर काढलेली तेवढीच शोभते.

दारावर येऊन ‘शेजारच्या कामातला माल उरलाय’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. घरी बसून केलेल्या करारातून सहसा 14 दिवसांत माघार घेता येते, पण त्याआधीच काम सुरू करा असं तुम्ही लेखी सांगितलंत, तर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात. अॅडव्हान्स क्रेडिट कार्डाने द्या. कामाची किंमत 100 पौंडांपेक्षा जास्त आणि 30,000 पर्यंत असेल, तर 1974 च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम 75 खाली, थोडीच रक्कम कार्डाने दिली असली तरी पूर्ण कामासाठी कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. रोख दिलेत तर हा मार्ग बंद. उरलेली रक्कम एका चांगल्या पावसानंतर, पाणी कुठे साचत नाही हे पाहून द्यायची, असं करारातच लिहून घ्या.