कीबोर्ड रुसला तर...

लॅपटॉप नवा, सबमिशन उद्या आणि कीबोर्ड एक अक्षर उमटवत नाही! होस्टेलवर सल्ले लगेच मिळतात: "फॉरमॅट मार", "खोलून बघ". माझं मराठी जरा कॉन्व्हेंटवालं आहे, सांभाळून घ्या; पण यातलं काहीही करू नका, एवढं नक्की सांगते.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. माउसने रीस्टार्ट द्या आणि स्क्रीन उजळायच्या आधीपासून एफ-२ किंवा डिलीट दाबत राहा (ही की कंपनीप्रमाणे बदलते). बायॉस उघडलं आणि त्यात बाणाच्या कीज चालल्या, तर कीबोर्ड ठणठणीत आहे. गडबड विंडोजमध्ये आहे.

मग सेटिंग्जमध्ये 'फिल्टर कीज' चालू आहे का पाहा. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबली गेली की हे चालू होऊ शकतं, आणि मग झटकन दाबलेल्या कीज विंडोज सोडून देतं. ते बंदच असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्ड अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. ड्रायव्हर आपोआप परत बसतो. पासवर्डसाठी लॉगिन स्क्रीनवर ऑन-स्क्रीन कीबोर्ड असतोच.

बायॉससुद्धा उघडलं नाही, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. तरीही ढिम्म? मग आतली केबल सुटलेली असू शकते. पण स्क्रूड्रायव्हर नको! खोलताना काही तुटलं, तर वॉरंटी असूनही भुर्दंड घरच्यांनाच. फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या, सर्व्हिस सेंटर गाठा. आणि सबमिशन? शेजारच्या रूममधून यूएसबी कीबोर्ड मागून आणा, रात्र अजून बाकी आहे!