अन्नवाटप आणि समान न्याय : मिसिसिपीचा धडा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला होता. त्या देशात १८६५ साली कायद्याने गुलामगिरी संपली. परंतु जमीन, कर्ज आणि शिधा यांच्या किल्ल्या मुख्यतः जुन्या मालकवर्गाच्याच हाती राहिल्या. पुढील शंभर वर्षांत त्या किल्ल्यांचा उपयोग कसा झाला, याचा अभ्यास अन्नवाटपाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने करण्याजोगा आहे.

सुपीक भूमीतील उपासमार

मिसिसिपी राज्याच्या वायव्य भागातील गाळाची जमीन अत्यंत सुपीक मानली जाते. तेथे प्रामुख्याने कापूस पिके. मुक्त झालेले कृष्णवर्णीय लोक मळेवाल्यांची जमीन वाट्याने कसू लागले. बियाणे, अवजारे व किराणा मालकाकडून उधारीवर मिळे आणि हंगामाअखेर हिशेबही मालकच करी. पुष्कळ मळ्यांवर कापूस घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन भिडे. भाजीपाला लावण्यास जागा उरत नसे. कापूस वेचण्याची यंत्रे व तणनाशके आल्यावर हातचे कामही गेले. परिणामी, जमीन कसणारी कुटुंबेच हिवाळ्यात सरकारी शिध्यावर अवलंबून राहू लागली. पीठ, तांदूळ, दुधाची भुकटी असे जिन्नस केंद्र सरकार पुरवी. मात्र ते वाटावयाचे की नाही, याचा निर्णय स्थानिक मंडळाकडे असे.

शिध्याचे शस्त्र

लफ्लोर कौंटी हा आपल्याकडील जिल्ह्यासारखा एक घटक आहे. ग्रीनवूड हे त्याचे मुख्य ठिकाण. तेथे १९६२ साली कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करण्याची मोहीम सुरू झाली. त्याच वर्षीच्या अखेरीस तेथील मंडळाने हा शिधा बंद केला. वाटपाचा खर्च परवडत नाही, असे कारण देण्यात आले. वीस हजारांहून अधिक लोकांना त्याची झळ पोहोचली आणि त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. मताचा हक्क मागाल तर अन्न मिळणार नाही, हा त्या निर्णयाचा अर्थ सर्वांना उमगला.

परिणाम मात्र उलट झाला. उत्तरेकडील शहरांतून लोकांनी धान्य व कपडे पाठविले. विनोदी कलावंत डिक ग्रेगरी यांनी फेब्रुवारी १९६३ मध्ये विमानाने अन्नसामग्री आणविली. ती घेण्यासाठी जमलेले लोक नोंदणी कार्यालयाकडेही वळू लागले. अखेर केंद्र सरकारच्या दबावामुळे १९६३ साली शिधावाटप पुन्हा सुरू झाले.

सवलत आणि सोय

अन्नकूपनांचा कायदा १९६४ साली झाला. मोफत शिध्याऐवजी कुटुंबाने काही रक्कम भरावी आणि तिच्याहून अधिक मूल्याची कूपने घ्यावीत, अशी ही योजना होती. कागदावर ती उदार होती. परंतु ज्या घरात महिनोन्‌महिने रोकड येत नव्हती, त्यांना ती थोडीशी रक्कमही भरणे अशक्य होते. ज्या कौंटीत कूपने आली तेथे मोफत शिधा थांबला आणि अतिगरिबांची स्थिती अधिकच बिकट झाली. सिनेटर रॉबर्ट केनेडी व जोसेफ क्लार्क यांनी एप्रिल १९६७ मध्ये या भागातील झोपड्यांतून फिरून कुपोषित बालके पाहिली, तेव्हा या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. पैसे भरण्याची अट रद्द करणारा कायदा होण्यास मात्र १९७७ साल उजाडले.

सहकाराचा प्रयोग

फॅनी लू हेमर यांचा जन्म १९१७ साली वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. वीस भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्या कापूस वेचू लागल्या. मतदार म्हणून नाव नोंदविण्याचा प्रयत्न केल्यामुळे १९६२ साली, अठरा वर्षे राबलेल्या मळ्यावरून त्यांना हाकलण्यात आले. ज्याच्या घरी अन्नाचा साठा आहे त्याला उपासाची धमकी देता येत नाही, या विचाराने त्या कामाला लागल्या.

नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या संस्थेच्या साह्याने त्यांनी प्रथम ‘वराह पेढी’ सुरू केली. गरीब कुटुंबास मादी पाळावयास मिळे, तिच्या पिल्लांपासून घरच्या मांसाची सोय होई आणि पेढीतून पुढील कुटुंबास जनावर मिळे. त्यानंतर १९६९ साली सनफ्लॉवर कौंटीत ४० एकर जमीन घेऊन ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी संस्था उभी राहिली. पुढे तिच्याकडे सहाशेहून अधिक एकर जमीन आली. भाजीपाला, मका, चवळी ही पिके सभासदांच्या चुलीसाठी, तर कापूस व सोयाबीन ही पिके जमिनीचे हप्ते फेडण्यासाठी घेतली जात. वर्गणी महिना एक डॉलर होती, तरीही ती भरू शकणारी कुटुंबे मोजकीच होती. संस्थेचा भार देणग्यांवर राहिला. पूर, अवर्षण, कर्ज आणि हेमर यांचे ढासळते आरोग्य यांमुळे १९७०च्या दशकाच्या मध्यास ती बंद पडली. हेमर १९७७ साली निवर्तल्या.

कर्जाची वेळ

स्वतःची जमीन असलेल्यांची कथाही वेगळी नव्हती. कृषी खात्याच्या योजना स्थानिक समित्यांमार्फत राबविल्या जात आणि त्यांत दीर्घकाळ गोऱ्या शेतकऱ्यांचेच वर्चस्व होते. कृष्णवर्णीयांचे कर्जअर्ज नाकारले जात किंवा पेरणी उलटून गेल्यावर मंजूर होत. नागरी हक्क आयोगाने १९६५ सालीच हा भेदभाव निदर्शनास आणला होता. १९२० साली कृष्णवर्णीय शेतकरी सुमारे सव्वानऊ लाख होते. २०१७च्या कृषिगणनेत ते पन्नास हजारांच्याही आत आढळले. या घटीस यंत्रे आणि स्थलांतर हीदेखील कारणे आहेत. तथापि भेदभावाचा वाटा न्यायालयासमोरही आला. पिगफर्ड खटल्यात १९९९ साली तडजोड होऊन हजारो शेतकऱ्यांना भरपाई मिळाली आणि २०१० साली आणखी १२५ कोटी डॉलरांची तडजोड झाली. २०२४ साली कृषी खात्याने भेदभाव सोसलेल्या ४३ हजारांहून अधिक अर्जदारांना सुमारे २०० कोटी डॉलर दिले. तोवर अनेकांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या.

बोध

मिसिसिपीत धान्याची टंचाई नव्हती. माणसे उपाशी राहिली ती वाटपाचा निर्णय घेणाऱ्या मंडळात त्यांना स्थान नव्हते म्हणून. आपल्याकडे २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क ठरविला असून दक्षता समित्या व सामाजिक अंकेक्षण यांची तरतूद केली आहे. या तरतुदी सजीव ठेवणे हे पंचायतीचे काम आहे. शिधापत्रिकेच्या यादीतून कोणाचे नाव गळले, ते का गळले, हे ग्रामसभेत मोठ्याने विचारले गेले पाहिजे; आणि ज्याचे नाव गळले, त्याला तेथे निर्भयपणे बोलता आले पाहिजे. दाखल्याची पूर्तता, अंगठ्याचा ठसा, कार्यालयाची वेळ या बाबी वरकरणी किरकोळ वाटतात. परंतु ग्रीनवूडमध्येही ‘वाटपाचा खर्च’ हे कारण असेच साधे दिसत होते.