किडलेली दाढ काढावी कीं राखावी?

बाजारांत बैल पसंत करतांना आपण आधीं त्याचें तोंड उघडतों. आदत आहे कीं दोनदाती, चौदाती कीं जुळला, हें पाहिल्यावांचून कोणीहि शहाणा शेतकरी विसार देत नाहीं. परंतु स्वतःच्या तोंडांत काय चाललें आहे याची चौकशी आपण दाढ झोंप देईनाशी झाल्यावर करतों, आणि त्या वेळीं एकच विचार सुचतो, तो म्हणजे ती एकदांची उपटून टाकावी. हा विचार केव्हां योग्य व केव्हां घाईचा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखक दंतवैद्य नव्हे; पाटण तालुक्यांतील शेतकरी आहे. जें सोसलें व जाणत्यांकडून समजून घेतलें, तेंच येथें दिलें आहे.

माझी डाव्या बाजूची खालची दाढ 2012 पासून थंड पाणी लागलें कीं कळ देई; पाणी गिळतांच कळ जाई. हीच खरी वेळ होती. कीड दांताच्या कठीण कवचांतून आंतल्या थरापर्यंत पोंचली म्हणजे असें होतें, आणि तेवढ्यावर दवाखाना गांठल्यास खड्डा साफ करून भरतां येतो. बहुधा एका बैठकींत काम आटोपतें. मीं तें केलें नाहीं. भात, मग भुईमूग, मग घराचीं कौलें, अशीं दोन वर्षें गेलीं. 2014 च्या वैशाखांत गरम चहानेंहि ठणका लागूं लागला, आणि तो चहा संपल्यावरहि अर्धा अर्धा तास राही. याचा अर्थ कीड दाढेच्या गाभ्यांतील शिरेपर्यंत गेली होती.

त्याच सुमारास पुतण्याच्या घरीं साखरपुडा असल्यामुळें मी वरळीच्या बीडीडी चाळींत उतरलों होतों. मुंबई सरकारच्या विकास खात्यानें 1920 नंतरच्या दशकांत बांधलेल्या या चाळींतील खोली सुमारें 160 चौरस फुटांची. तींत आम्ही सातजण निजलों होतों. आडवें होतांच दाढेचे ठोके वाढत, म्हणून मी दोहों बाजूंच्या खोल्यांमधील लांब बोळांत भिंतीला टेकून बसलों. चाळींत दुखणें एकट्याचें राहत नाहीं. पलीकडच्या खोलींतून लवंगेचें तेल आलें, आणि तेलाबरोबर सल्लेहि आले. एक म्हणे, आतांच्या आतां उपटा. दुसरा म्हणे, दाढ काढली कीं दृष्टि मंद होते. लवंगेच्या तेलानें घटकाभर बधिरपणा येतो. कीड जात नाहीं. दृष्टीची भीति मात्र निराधार आहे. दांतांची शीर निराळी व डोळ्यानें पाहण्याची शीर निराळी. पुतण्या तेवढा म्हणाला, “काका, उपटायची तर ती कुठं पळून जाते? आधी नायरला दाखवूं.”

मुंबई सेंट्रलजवळचें नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय 1933 सालचें. शिकाऊ डॉक्टर तेथें शिक्षकांच्या देखरेखीखालीं काम करतात. डॉक्टरीणबाईंनीं दाढ हलकेच ठोकून पाहिली, हिरडीच्या कडेनें खुणांची बारीक सळई घालून खोली मोजली, आणि एक्स-रे काढला. मीं म्हटलें, “बाई, मृगापूर्वीं गांवीं परतायचं आहे, काढून टाका.” त्या म्हणाल्या, “काढायची आहेच, पण ही नव्हे.”

उजव्या बाजूला माझ्या एका दाढेचा खुंट कित्येक वर्षें पडून होता. तो पूर्वीं एकदां फार दुखला व आपोआप थांबला, तेव्हां मीं तो बरा झाला असें समजलों होतों. वस्तुतः आंतली शीर मेली होती, म्हणून वेदना थांबली. जंतु मात्र मुळाच्या टोकाशीं हाडांत घर करून होते, आणि एक्स-रेवर तेथें काळी छाया स्पष्ट दिसत होती. मूळ उभें चिरलें होतें. तो काढल्यावांचून गत्यंतर नव्हतें. ठणकणारी डावी दाढ मात्र राखण्यासारखी होती.

दुखणें किती, यावरून हा निर्णय होत नाहीं, हें मला त्या दिवशीं कळलें. भिरूड लागलेल्या आंब्याला आपण लगेच कुऱ्हाड लावीत नाहीं. मूळ धड आहे का, खोड किती शाबूत आहे हें पाहून छिद्रांतील किडा काढतों, औषध घालतों व तोंड बुजवितों. दाढेचेंहि तसेंच आहे. मूळ चिरलेलें नसावें, हिरडीच्या वर टोपी बसविण्याइतकी भिंत उरलेली असावी, आणि हाडानें मुळाला घट्ट धरलेलें असावें. एवढें असेल तर दाढ बधिर करून गाभ्यांतील सडलेली शीर काढतात, मुळांतील नळ्या साफ करून भरतात, व वर टोपी बसवितात. यालाच रूट कॅनल म्हणतात. पोखरलेली दाढ चावतांना फुटूं नये म्हणून टोपी हवी. पैसे वांचविण्यासाठीं ती टाळणाऱ्यांची दाढ पुढें फुटून अखेर काढावीच लागते, असें पुष्कळदां घडतें.

एक दाढ गेल्यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते, समोरची दाढ त्या पोकळींत उतरूं लागते, त्या फटींत अन्न अडकून नवी कीड लागते, आणि तेथील हाडहि झिजतें. अक्कलदाढेचें तितकें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यास दोनतीनदां दवाखान्यांत येणें किंवा टोपीचा खर्च करणें खरोखरच शक्य नाहीं, त्यानें अर्धवट उपचार करून घेण्यापेक्षां दाढ काढून घेणें बरें, असें माझें मत आहे. यांत कमीपणा नाहीं. सडकी दाढ तोंडांत बाळगणें हें त्याहून फार वाईट.

काढण्यापूर्वीं मधुमेह, हृदयाचा विकार, रक्त पातळ करणारीं औषधें, जें असेल तें डॉक्टरांस सांगावें. औषध आपल्या मनानें बंद करूं नये. काढल्यावर खड्ड्यांत रक्ताची गुठळी होते, तीच जखमेची मलमपट्टी. म्हणून पहिला दिवस खळखळून चूळ भरूं नये, जोरानें थुंकूं नये, विडी-तंबाखूला शिवूं नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं दुखणें उलट वाढलें तर ती गुठळी सुटली असण्याचा संभव असतो, पुन्हां दाखवावें. गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना किंवा श्वास घेण्यास त्रास होऊं लागला, तर सकाळची वाट न पाहतां मोठें रुग्णालय गांठावें; त्यांत प्राणावर बेततें.

आपल्या घरांतील मिश्रीविषयीं एक शब्द. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनें दांत बळकट होत नाहींत. मिश्री लावणाऱ्या बाईची किंवा तंबाखू खाणाऱ्याची दाढ कीड नसतां हलूं लागली, अथवा जवळचा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाहीं, तर दाढ उपटवून घेण्याची घाई करूं नये. तो कर्करोग असूं शकतो. आधीं तज्ज्ञास दाखवावें. परळचें टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून याच रोगासाठीं आहे.

मुलांच्या बाबतींत आणखी एक चूक होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें जी नवी दाढ येते ती कायमची असते. कोणतीहि दुधाची दाढ न पडतां ती येत असल्यामुळें आईबापांस ती दुधाचीच वाटते, आणि किडली तरी पडून दुसरी येईल म्हणून सोडून देतात. तिच्या जागीं दुसरी कधींच येत नाहीं.

माझा खुंट त्याच आठवड्यांत निघाला. डाव्या दाढेस तीन फेऱ्या लागल्या, आणि टोपी बसवून मी मृगाच्या दोन दिवस आधीं गांवीं पोंचलों. वरळीच्या चाळींच्या जागीं आतां उंच इमारती होत आहेत. 2025 च्या ऑगस्टांत पहिल्या 556 कुटुंबांस नवीं घरें मिळालीं. पुतण्या अजून भेटला कीं प्रथम दाढेची चौकशी करतो. ज्वारीची कडक भाकरी मी त्याच बाजूनें चावतों.