अंतर्गत संकेतस्थळाचा पत्ता बदलताना घ्यावयाची दक्षता

प्रस्तावना

संशोधन संस्थेचे अंतर्गत संकेतस्थळ, म्हणजेच इंट्रानेट, केवळ तेथील अधिकारी व कर्मचाऱ्यांसाठी असते. रजेचे अर्ज, भांडारातील मागणी, प्रक्षेत्रावरील नोंदी, हवामानाची आकडेवारी व प्रकल्प अहवाल यांची रोजची देवाणघेवाण त्यावरूनच होते. संस्थेचे नाव बदलले किंवा नवा सर्व्हर आला की या स्थळाचा पत्ता बदलण्याचा प्रस्ताव पुढे येतो. काम वरवर सोपे दिसते. परंतु जुन्या पत्त्यावर विसंबून असलेले दुवे एकाच दिवशी तुटले, तर नोंदी सुरक्षित असूनही त्या कोणालाही सापडत नाहीत. सार्वजनिक स्थळाचा नवा पत्ता शोधयंत्रातून मिळू शकतो. अंतर्गत स्थळाला ती सोय नसते.

जबलपूरचे उदाहरण

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या जबलपूर येथील संस्थेची स्थापना १९८९ मध्ये राष्ट्रीय तण विज्ञान संशोधन केंद्र या नावाने झाली. २००९ मध्ये तिचा दर्जा वाढून ती तण विज्ञान संशोधन संचालनालय झाली. २०१४ पासून ती तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखली जाते. नावाबरोबर इंग्रजी आद्याक्षरेही बदलली: प्रथम एनआरसीडब्ल्यूएस, नंतर डीडब्ल्यूएसआर व आता डीडब्ल्यूआर. अशा संस्थेच्या अंतर्गत स्थळाच्या पत्त्यात ही आद्याक्षरे गुंफलेली असतील, तर पंचवीस वर्षांत दोनदा पत्ता बदलण्याची वेळ येते.

तणांवरील प्रयोगाचे आयुष्य मात्र संस्थेच्या नावावर ठरत नाही. जमिनीतील तणबियांचा साठा कसा घटतो अथवा एकच तणनाशक सतत वापरल्याने तणांचे प्रकार कसे बदलतात, हे कळण्यास अनेक हंगामांच्या नोंदी सलग मिळाव्या लागतात. जुन्या अहवालातील दुवा उघडला नाही, तर या साखळीतील एक कडी निखळते.

बदलाची कार्यपद्धती

१. प्रथम जुना पत्ता कोठे कोठे वापरला आहे याची यादी करावी. संकेतस्थळाची पाने, एक्सेल व वर्डमधील दुवे, परिपत्रके, क्यूआर संकेत, तसेच स्वयंचलित हवामान केंद्राकडून माहिती पाठविणारी आज्ञावली या सर्वांचा तीत समावेश असावा. यंत्रे तक्रार करीत नाहीत. त्यामुळे माहिती येणे थांबल्याचे अनेकदा उशिरा लक्षात येते.

२. पत्त्याचे नाव व सर्व्हरचा क्रमांक यांची सांगड डीएनएस ही व्यवस्था घालते. संगणक ही सांगड ठरावीक काळ स्मरणात ठेवतात. तो काळ ८६,४०० सेकंद, म्हणजे २४ तास असेल, तर बदलापूर्वी किमान एक दिवस आधी तो ३०० सेकंदांवर आणावा. तसे न केल्यास काही संगणक दिवसभर जुन्याच सर्व्हरकडे जात राहतात.

३. नवा पत्ता सुरू झाल्यावर जुना बंद करू नये. जुन्या पत्त्यावरील प्रत्येक पान नव्या पत्त्यावरील त्याच पानाकडे वळवावे. सर्वांना मुखपृष्ठावर आणून सोडणे म्हणजे ग्रंथालयातील पुस्तक मागणाऱ्यास दारापर्यंत पोहोचवून परत फिरण्यासारखे आहे.

४. चाचणीच्या काळात ३०२ हा तात्पुरता वळण संकेत वापरावा व खात्री झाल्यावर ३०१ हा कायमचा संकेत द्यावा. ब्राउझर ३०१ स्मरणात ठेवतो. त्यामुळे चुकीचे वळण दुरुस्त केल्यानंतरही काहींना चुकीचेच पान दिसू शकते.

५. सुरक्षा प्रमाणपत्र जुन्या व नव्या अशा दोन्ही नावांसाठी असावे. एचटीटीपीएसमध्ये प्रमाणपत्राची तपासणी आधी होते व वळण नंतर मिळते. जुन्या नावाचे प्रमाणपत्र संपले असेल, तर वापरकर्ता इशाऱ्याच्या पानावरच अडकतो.

६. लॉगिन व्यवस्थेत नव्या पत्त्याची नोंद करावी. ब्राउझरमधील लॉगिनची खूण सामान्यतः पत्त्याशी बांधलेली असल्याने सर्वांना पुन्हा लॉगिन करावे लागू शकते. याची पूर्वसूचना परिपत्रकाने द्यावी. अन्यथा नवे पान बनावट असल्याची शंका येणे स्वाभाविक आहे.

योग्य वेळ

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागरूकता सप्ताह असतो. अशा मोहिमेच्या, वार्षिक अहवालाच्या किंवा आर्थिक वर्षअखेरीच्या तोंडावर पत्ता बदलू नये. कामाचा ताण कमी असलेला आठवडा निवडून त्याच्या आरंभी बदल करावा, म्हणजे अडचणी सोडविण्यास कार्यालयीन दिवस हाती राहतात.

नवा पत्ता कसा असावा

पत्त्यात संस्थेची आद्याक्षरे, विभागप्रमुखाचे पद, सर्व्हरचे नाव किंवा वर्ष नसावे. 'नोंदी', 'प्रयोग', 'भांडार' असे कामाचे नाव टिकते. शेवटी '.लोकल' जोडण्याची जुनी प्रथा टाळावी, कारण २०१३ च्या इंटरनेट मानकानुसार ते नाव स्थानिक जाळ्यातील उपकरणांच्या शोधासाठी राखीव आहे. २०२४ मध्ये '.इंटर्नल' हे नाव खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. परंतु अशा अंतर्गत नावांना सार्वजनिक प्रमाणपत्र संस्था १ नोव्हेंबर २०१५ नंतर मान्यता देत नाहीत. म्हणून संस्थेच्या किंवा मातृसंस्थेच्या नोंदणीकृत नावाखालील उपपत्ता अधिक सोयीचा ठरतो.

जुने नाव सोडू नये

जुना पत्ता स्वतंत्रपणे नोंदविलेल्या नावावर असेल, तर त्याचे नूतनीकरण चालू ठेवावे. मुदत संपलेले नाव कोणीही विकत घेऊ शकतो व तेथे हुबेहूब लॉगिनचे पान उभारू शकतो. जतन केलेल्या जुन्या दुव्यावरून आलेला कर्मचारी आपला पासवर्ड तेथे सहज देऊन बसेल. सर्व्हरच्या नोंदवहीत जुन्या पत्त्यावर येणाऱ्या मागण्या दरमहा पाहाव्यात व त्या कोठून येतात ते शोधून दुवे दुरुस्त करावेत.

निष्कर्ष

पत्ता बदलण्याचे काम नवे पान उघडले की पूर्ण होत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या अहवालातील दुवा योग्य नोंदीपर्यंत पोहोचतो की नाही, हीच त्याची कसोटी आहे. संस्थांनी बदलापूर्वी असे वीस-पंचवीस जुने दुवे निवडून ठेवावेत आणि बदलानंतर प्रत्येक दुवा उघडून पाहावा.