यंत्राने वाचविलेला वेळ कोणाचा?

आपल्या वसतिगृहात विद्यार्थ्यांना मोबाइल बाळगण्यास मनाई आहे, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. सुट्टीहून परतताना कोणी आणलाच, तर तो कार्यालयातील लाकडी पेटीत जमा होतो आणि पुढील सुट्टीस घरी जातानाच हाती पडतो. रविवारी दुपारी कार्यालयाच्या फोनसमोर रांग लागते. प्रत्येकास पाच मिनिटे. गेल्या पालकसभेत एका पालकांनी, जे मालट्रक चालवितात, उभे राहून विचारले, "सर, तुम्ही पेटीत ठेवता ते बरंच आहे. पण बाबासाहेब तर यंत्राच्या बाजूचे होते ना? मग दहावी झाल्यावर पोरीला मोबाइल द्यायचा का नाही, ते सांगा."

सभेची वेळ संपत आली होती. "मर्यादेत द्यावा," असे गुळमुळीत उत्तर देऊन आम्ही सुटका करून घेतली. ते पालक मान हलवून खाली बसले; परंतु त्यांचे समाधान झाले नव्हते आणि आमचेही नाही. इतिहासाच्या शिक्षकाने इतका नेमका प्रश्न वाऱ्यावर सोडावा, याची खंत मनात राहिली. स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली तेव्हा हे उत्तर लिहूनच द्यावे असे ठरविले.

त्यांच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाविषयी शंका नाही. बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे होते. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहून रेल्वे, यंत्रे, वकील आणि डॉक्टर या साऱ्यांवर कठोर टीका केली. काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा ताळेबंद मांडणारा बाबासाहेबांचा इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील गांधीवादावरील प्रकरणात त्यांनी या विचाराचा समाचार घेतला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: पशूचे सारे आयुष्य देहाच्या गरजा भागविण्यात संपते. मनुष्य वेगळा ठरतो तो संस्कृतीमुळे, आणि संस्कृतीसाठी फुरसत लागते. सर्वांना फुरसत मिळावयाची असेल तर मनुष्याचे कष्ट यंत्राने उचलले पाहिजेत. यंत्रामुळे अनर्थ झाले असतील, तर दोष यंत्राचा नाही. यंत्राचे लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे.

ज्यांच्या घरी फुरसत पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांना ती तुच्छ वाटू शकते. आमच्या घरी ती नव्हती. आमची आई पहाटे जात्यावर बसे. दळण झाले की पाणी, पाणी झाले की शेतावरची मजुरी. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करणाऱ्या अभ्यासकांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि त्या ओव्यांवर कोणी हळहळू लागले की आम्हांस आईच्या तळहातावरचे घट्टे आठवतात. गावात पिठाची गिरणी आली, आणि आमची पायली आधी घ्यावयाची की सर्वांच्या शेवटी, यावरून काही दिवस तंटाही झाला. परंतु गिरणीने आईची पहाट तिला परत दिली. त्या वाचलेल्या श्रमांच्या बळावर ती रात्रीच्या प्रौढ साक्षरता वर्गाला जाऊ लागली. आमच्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर तिचा अंगठा आहे. पाचवीच्या प्रगतिपुस्तकावर तिची सही आहे. यंत्राविषयीचे तत्त्वज्ञान आम्ही प्रथम त्या दोन पुस्तकांत वाचले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र यंत्र आले म्हणजे मनुष्य मुक्त झाला, असे बाबासाहेबांनी कोठेही म्हटलेले नाही. त्यांचा स्वतःचा अनुभवच निराळा होता. १९०१ च्या सुमारास, लहान वयात, घरातील इतर मुलांसह ते साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यास निघाले. आगगाडीने त्यांना मसूर स्थानकापर्यंत बिनतक्रार आणले. तिकीट देताना कोणी जात विचारली नव्हती. स्थानकाबाहेर मात्र ही मुले महारांची आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही मुलांनी स्वतः बैलगाडी हाकावी या अटीवर. रुळांवर जात थांबली, आणि रूळ संपताच पुन्हा सुरू झाली.

दुसरे उदाहरण मुंबईच्या कापडगिरण्यांचे. वर्गात ते सांगताना दरवर्षी मुले अविश्वासाने पाहतात. विणाई खात्यात मजुरी अधिक मिळे, परंतु तेथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले, त्याला आपले ओठ कसे लावावयाचे? वाफेवर चालणारी गिरणी, मँचेस्टरच्या धर्तीचे माग, आणि त्या साऱ्याच्या मध्यभागी एका लाकडी धोट्यावर मनुस्मृती बसलेली! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय संपाच्या नेत्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांची एकजूट हवी असेल तर विणाई खात्याचे दार सर्वांना उघडा, हे त्यांचे म्हणणे होते. यंत्र नको, असे त्यांनी म्हटले नाही; त्या यंत्रापाशी उभे राहण्याचा आमचा हक्क मान्य करा, असे म्हटले.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या योजनांना चालना दिली, विजेच्या धोरणाचा पाया घातला आणि तांत्रिक शिक्षणाचा आग्रह धरला. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे दुरुस्ती विधेयकही त्यांनीच मांडले. दर आठवड्याला सहा तास कामगाराचे स्वतःचे झाले. आईची पहाट आणि कामगाराचे सहा तास एकाच हिशेबातले आहेत, असे आम्ही मानतो.

हा हिशेब आजही पुरा झालेला नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. आपल्या सभागृहात मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आम्हीही केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २० ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाला गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारांच्या वारसांसाठी भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करण्याचा आदेश द्यावा लागला. मनुष्याला गटारात उतरविण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटार साफ करणारे यंत्रही आहे. केरळातील तरुण अभियंत्यांनी बनविलेला 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव २०१८ पासून तिरुवनंतपुरम येथे कामाला लागला. मग तंत्रज्ञान कोठे अडले? ज्याचा जीव स्वस्त मानला जातो, त्याच्यासाठी यंत्र महाग ठरते, हे त्याचे उत्तर आहे.

येथपर्यंत आमच्या उत्तरात अडचण नव्हती. अडचण येते ती पालकांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागात. जाते, माग, आगगाडी ही यंत्रे हातापायांचे काम उचलतात. मोबाइल मनाचे काम उचलतो, आणि ते करीत असता मनच उचलून नेतो. येथे केवळ समाजरचनेचा विचार पुरत नाही, तथागतांकडे वळावे लागते.

प्रतीत्यसमुत्पादाची साखळी आपण वर्षावासात ऐकतो. इंद्रिय आणि विषय यांचा स्पर्श होतो, स्पर्शातून वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव उपजते, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान म्हणजे घट्ट धरून ठेवणे. आता फोन हाती घेतलेल्या मनुष्याकडे पाहावे. एक लहानसा आवाज होतो, पडद्यावर लाल ठिपका दिसतो, हा स्पर्श. कोणी काय म्हटले असेल, ही गोड हुरहूर, ही वेदना. अंगठा आपोआप सरकतो, ही तृष्णा. एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी सुरू होते, तिचा शेवट कोठेच नसतो, आणि रात्रीचे बारा वाजतात. हे आपोआप घडत नाही. अशी बहुतेक माध्यमे जाहिरातींवर चालतात. आपले डोळे जितका वेळ पडद्यावर, तितकी त्यांची कमाई. म्हणजे यंत्राने वाचविलेली आमची फुरसत दुसऱ्या यंत्राने पुन्हा विकत घेतली, तीही फुकट. स्पर्श आणि तृष्णा यांच्यामध्ये क्षणभर थांबता येणे, यालाच सम्यक स्मृतीचा अभ्यास म्हणतात. पहाटेच्या आनापानाच्या वेळी मुले चुळबुळतात, डुलक्या घेतात. तरीही आम्ही ती वीस मिनिटे वेळापत्रकातून काढू दिलेली नाहीत, त्याचे कारण हेच.

दुसरा अपाय आम्हांस इतिहासाचा शिक्षक म्हणून अधिक सलतो. १४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेबांच्या नावाची वाक्ये फोनवरून फिरू लागतात. कित्येकांची भाषाही त्यांची वाटत नाही. एका वर्षी आम्ही नववीच्या मुलांना घरच्या फोनवर आलेली अशी वाक्ये वहीत उतरवून आणावयास सांगितले आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेल्या लेखन व भाषणांच्या खंडांपुढे बसविले. खंड कोणता? पृष्ठ कोणते? चार दिवस ग्रंथालयात धूळ उडाली. थोडी वाक्ये मिळाली, काही अर्धवट तोडलेली निघाली, बरीचशी कोठेच मिळाली नाहीत. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही काही स्वीकारू नये. मुलांना कालामसुत्त त्या चार दिवसांत जितके कळले, तितके आमच्या व्याख्यानांनी कधी कळले नव्हते. प्रामाणिकपणे हेही नोंदविले पाहिजे की, पाचव्या दिवशी एका मुलीने विचारले, "सर, हे खंड मोबाइलवरही आहेत ना? मग तिथंच का नाही शोधायचं?" तिचे म्हणणे खरे होते. कार्यालयातील संगणकावर आम्ही शोधून पाहिले. चार दिवसांचे काम दुपारच्या जेवणाआधी झाले.

आता जे लिहावयाचे आहे ते आमच्याच चुकीविषयी आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. वसतिगृह रिकामे झाले, मुले आपापल्या गावी गेली आणि जून उजाडल्यावर आम्ही पडद्यासमोर बसून शिकवू लागलो. आम्ही उत्साही होतो. नकाशे, चित्रे, सारे जमविले होते. रोज हजेरी घेत होतो. नववीतील एक मुलगा, इतिहासात रस असलेला, सतत गैरहजर. त्याच्या नावापुढे आम्ही नियमाने फुली मारीत राहिलो. त्याच्या घरात एकच फोन होता. तो घेऊन वडील सकाळी कामावर जात, आणि गावात नेटवर्क मिळे ते टेकडीवरील पाण्याच्या टाकीजवळ. हे आम्हांस पुष्कळ महिन्यांनी कळले. विचारले असते तर पहिल्या आठवड्यात कळले असते. वसतिगृह पुन्हा उघडले तेव्हा त्याची खाट रिकामी होती. आम्ही त्याच्या घरी गेलो, तोवर तो वडिलांबरोबर वीटभट्टीवर गेला होता. जुन्या गिरणीच्या खात्याचे दार त्याच्या आजोबांना बंद होते. आमच्या वर्गाचे दार आम्ही त्याला बंद केले, आणि त्याची फुलीच्या रूपाने नोंदही ठेवली. ते हजेरीपत्रक अजून आमच्या कपाटात आहे.

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी तो आला. आता तो शहरात मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोहोचविण्याचे काम करतो. त्याच्याजवळ चांगला फोन आहे, आणि तो फोन त्याला कोठे जावयाचे, किती मिनिटांत पोहोचावयाचे, हे सांगतो. त्रिसरण पंचशील चालू असता त्याचा खिसा दोनदा थरथरला. दुसऱ्यांदा तो उठून बाहेर गेला, फोन बंद केला आणि परत येऊन मागच्या रांगेत बसला. भोजनाच्या वेळी आम्ही त्याच्याजवळ बसलो आणि हजेरीची गोष्ट काढली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, तुम्हाला काय माहीत." आम्ही म्हणालो, "माहीत करून घ्यायला हवं होतं, बाळा." त्यावर तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "बाहेरून दहावीला बसता येतं का हो सर? सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात तो?"

ट्रक चालविणाऱ्या त्या पालकांनी हे वाचले, तर आमचे म्हणणे एवढेच आहे: मुलीला मोबाइल अवश्य द्यावा, आपल्या मुलांना दारे बंद होतात ती बहुधा फोन नसल्यामुळेच. परंतु रात्री तो घरातील एखाद्या पेटीत जाऊ द्यावा, आणि स्वतःचाही तिच्याबरोबर ठेवावा. तिने आठवड्यात त्यावर काय पाहिले हे विचारण्याऐवजी, वाचलेल्या वेळेत काय केले हे विचारावे. आमच्या आईला कोणी विचारले असते, तर तिने सही करून दाखविली असती.

सतरा नंबरच्या अर्जाची मुदत मंडळाने जाहीर केली, त्या दिवशी आम्ही ती त्या मुलाला मोबाइलवरूनच कळविली. सोबत इतिहासाची जुनी टिपणे पाठविली. संदेशापुढे निळ्या खुणा दुपारीच उमटल्या. उत्तर आले ते रात्री पावणेबाराला, त्याची शेवटची फेरी संपल्यावर: "फोटो कोणत्या साइजचे लागतील, सर?"