पट्टा ताणण्याआधी

गिरणी आता तू बघणार, म्हणून सांगतो. बेअरिंग वाजायला लागलं की लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस. नकली माल असतो, नाही असं नाही. पण आधी पट्टा बघ.

पट्टा घसरला की लोक मोटार मागे ओढून तो तारेसारखा ताणतात. तो ताण शाफ्टमार्गे छर्र्यांवर येतो. लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडनच्या दोघांनी १९४७ साली मांडलेला हिशेब आजही चालतो: छर्र्यांवरचा भार सव्वापट झाला तर बेअरिंगचं आयुष्य जवळपास निम्मं, दुप्पट झाला तर आठवा हिस्सा. म्हणून पट्टा जुना झाला असेल तर बदल, पुलीच्या खाचा झिजल्यात का पाहा, पण मोटार उगाच ओढू नकोस.

पोलादही थकतं रे. छर्रा रिंगला टेकतो ती जागा ठिपक्याएवढी. तिथे दाब येतो, सुटतो, पुन्हा येतो. चीर बहुधा पृष्ठभागाच्या किंचित खाली धरते. वर चकाकी तशीच, आणि एक दिवस टवका उडतो.

छर्रा आणि रिंग यांच्यामध्ये असतो तो तेलाचा पापुद्रा, बहुतेक वेळा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. त्यात पीठ गेलं तर ग्रीस बिघडतं, पण त्याहून वाईट दगडाची पूड. जात्याला टाकी लावताना बेअरिंगवर फडकं बांधच. तो कण चिरडला की रिंगवर खड्डा पडतो आणि पुढचा टवका तिथूनच निघतो.

ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची सवय तर सगळ्यांनाच. आतली मोकळी जागा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्मी भरली की पुरे. जास्त झालं की ते घुसळून तापतं, तेल पातळ होतं, पापुद्रा तुटतो. सत्तर अंशांच्या वर दर पंधरा अंशांना ग्रीसचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रंग सारखा दिसला म्हणून दोन डब्यांतलं एकत्र करू नकोस. लिथियमचं आणि पॉलीयुरियाचं बऱ्याचदा पटत नाही, दोन्ही पातळ होऊन वाहून जातात.

नवीन बेअरिंग शाफ्टवर चढवताना पाइपचा तुकडा आतल्या रिंगवरच टेकव. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारलीस तर घाव छर्र्यांतून जातो आणि पहिल्याच दिवशी खळगे पडतात. आणि पावसाळ्यात ग्रीसच्या डब्याचं झाकण घट्ट लाव. तेलात थोडं पाणी गेलं तरी पोलाद लवकर थकतं.